चित्र कुणाचे?

हल्ली चार शब्द सांगितले की यंत्र चित्र काढून देते. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता असे भारदस्त नाव आहे. मुलाने असे चित्र वर्गात आणले, तर ते त्याचे मानावे काय? चित्रकलेचा तास घेणाऱ्या आम्हा मास्तरांपुढे हा प्रश्न येऊन ठेपला आहे. आणि ‘यंत्र आले, कला बुडाली’ असा गळा काढून तो सुटावयाचा नाही.

कलेतले यंत्र आमच्या खानदेशाला नवे नाही. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) कॅमेऱ्याचे कलावंत. वर्षानुवर्षे घरात कोंडून घेतलेला हा माणूस टेबलावर साध्यासुध्या वस्तूंचा असा देखावा मांडी, की छायाचित्र पाहणाऱ्याला तो खराच वाटावा. एका परीने ही फसवणूकच! पण त्यातली प्रत्येक वस्तू त्यांनी हाताने निवडून ठेवलेली असे. शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार घ्या. सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा २०१८ साली उभा राहिला, त्यासाठी यंत्रे राबलीच; मात्र यंत्रांनी वाढवला तो सुतारांनी घडवलेला नमुना.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने केळीच्या बागेचे यंत्रचित्र आणले. मोठे सुबक होते. पण घडातली केळी सरळ खाली लोंबत होती. मुलाचे वडील रावेरकडचे केळीचे बागाईतदार.

“काय रे, तुमच्या मळ्यात केळी अशी लागतात?”

“नाही सर, वर वळतात.”

“मग हे कसे चालवून घेतलेस?”

“मला वाटलं, मशीनला जास्त कळत असेल.”

मला धास्ती वाटते ती या उत्तराची. नक्कल तर आम्हीही केली. कॅलेंडरवरचे देव गिरवूनच हात वळला. पण केळीच्या मळ्यात वाढलेल्या पोराने स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास असा सहज टाकून द्यावा?

यंत्राला मी वर्गबंदी केलेली नाही. आधी स्वतः पाहून कच्चे चित्र काढायचे, मग यंत्राकडे जायचे. आणि त्याने दिलेल्यातले काय नाकारले व का, ते चित्राच्या पाठीवर लिहायचे. हे यंत्र असंख्य चित्रकारांच्या कामावर शिकले आणि त्यांतल्या पुष्कळांना कोणी विचारलेही नाही, हेही मुलांना सांगतो. गुण सफाईला द्यावेत की नकाराला, यावर आमच्या शिक्षकांच्या खोलीत चहा निवेपर्यंत वाद चालतो. मी तूर्त नकाराला देतो.