मांडवातला पाहुणा

माण, सांगोला, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यात चैत्र-वैशाखात गावं भरतात. मुंबईला माथाडी कामात असलेली, सोनं-चांदी गाळण्याच्या म्हणजे गलाईच्या धंद्यामुळे देशभर पांगलेली माणसं याच दिवसांत घरी येतात. गावदेवाची जत्रा, लग्नं, जावळं, वास्तुशांती असं सगळं या दीड-दोन महिन्यांत उरकायचं असतं. एकाच दिवशी तीन गावांत तीन लग्नं असली, तर घरातली माणसं वाटून घ्यावी लागतात. आणि 2004 पासून लोकसभेची प्रत्येक निवडणूक याच उन्हात आली आहे. 2024 साली माढा, सांगली, सोलापूर, सातारा या मतदारसंघांत 7 मे रोजी मतदान झालं. म्हणजे ऐन प्रचार आणि ऐन लगीनसराई एकाच वेळी.

त्यामुळे आमच्याकडे पुढारी सभेत दिसतो त्याहून जास्त मांडवात दिसतो. पत्रिकेवर ‘प्रमुख उपस्थिती’ म्हणून त्याचं नाव असतं. गाड्यांचा धुरळा दिसला की निवेदक माईक हातात घेतो. फेटा, शाल, श्रीफळ होतं, मग पुढारी वधूवरांना शुभेच्छा देतो आणि पुढच्या गावाला निघतो. साडेबाराचा मुहूर्त एव्हाना टळलेला असतो. पत्र्याच्या मांडवात म्हातारी माणसं घामेजल्या मुठीत अक्षता धरून बसलेली असतात, आणि तरीही कुणी कुरकुर करत नाही.

शहरातले माझे मित्र याला सरंजामी खूळ म्हणतात. मला ते पटत नाही. यजमान पुढाऱ्याला का बोलावतो, हे त्याच्या जागी उभं राहून पाहावं लागतं. चार एकर कोरडवाहू रान असलेल्या माणसाची वर्षभराची कामं अडतात ती तलाठ्याकडे, वायरमनकडे, सोसायटीच्या सचिवाकडे. विजेची डीपी जळाली तर ती चार दिवसांत बदलून मिळणार की महिन्यात, हे बऱ्याचदा त्याच्या मागे कोण आहे यावर ठरतं. आमदार-खासदार आपल्या लेकीच्या लग्नाला आला, ही गोष्ट तलाठ्यापर्यंत पोचते आणि त्या घराला वर्षभर पुरते. शिवाय त्यात मानाचा भाग आहे. ज्याला आपण मत देतो त्यानं आपल्या दारात यावं, मयताला टेकून बसावं, लेकराच्या डोक्यावर हात ठेवावा, ही अपेक्षा गैर नाही. राज्यकर्ता हाताच्या अंतरावर हवा, असं लोकांना वाटणं हा लोकशाहीचाच भाग आहे.

माझी अडचण निराळी आहे. तो येतो, पण पाहुणा म्हणून येतो. आणि पाहुण्याला प्रश्न विचारायचा नसतो.

2024 च्या उन्हाळ्यात विचारण्यासारखं काय कमी होतं? आदल्या वर्षीचा पाऊस हुकला होता. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस सरकारनं 40 तालुके दुष्काळी जाहीर केले. त्यात सांगोला होता, पण टँकरवर जगणारा माण नव्हता. का नव्हता, याचं उत्तर माणच्या माणसाला हवं होतं. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि ती उठली 4 मे 2024 ला, आमच्या मतदानाच्या तीन दिवस आधी. तोवर लोणंदच्या बाजारात कांदा मातीमोल भावानं घालून लोक मोकळे झाले होते. उजनी धरण मृतसाठ्यात गेलं होतं. लग्नाच्या जेवणावळीसाठी पाण्याचा टँकर विकत घेणाऱ्या बापाच्या समोर उमेदवार उभा असतो, त्याच्या पाठीमागे तोच टँकर उभा असतो, आणि बाप म्हणतो, “साहेब, जेवूनच जायचं बरं का.” त्या क्षणी दुसरं काही बोलणं त्याच्या संस्कारात बसत नाही. पोरीच्या लग्नात वाद नको, व्याही काय म्हणतील, ही काळजी खरी आहे. मी त्याला दोष देणार नाही.

प्रश्न मात्र मरत नाहीत. गाड्या गेल्या की पंगतीत ते सुरू होतात. हळदीच्या रात्री बायका बोलतात ते तर फार नेमकं असतं. कुठल्या वाडीला टँकरच्या किती खेपा ठरल्या होत्या आणि किती आल्या, हे त्यांना तोंडपाठ असतं, कारण हंडे त्यांनीच भरलेले असतात. टेंभू सिंचन योजनेचं आवर्तन कधी सुटलं, पाणी कुठल्या वळणावर अडलं, हे ओट्यावर बसलेला एखादा म्हातारा पाटबंधारे खात्याच्या माणसाहून नीट सांगतो. इतकी माहिती, इतकी समज एका गावात एरवी वर्षभर एकत्र येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी वऱ्हाडाबरोबर ती पांगते.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट होती. शिवसेना 2022 मध्ये आणि राष्ट्रवादी 2023 मध्ये फुटली होती. एकाच भावकीत थोरला इकडे आणि धाकटा तिकडे, असं घरोघरी झालं होतं. बारामतीत तर नणंद-भावजय समोरासमोर उभ्या राहिल्या. त्यामुळे लग्नात सगळे जपून बोलत होते. दोन्ही गटांचे लोक शेजारी बसून जेवले, एकमेकांना आग्रह करून वाढलं. हे मला मनापासून आवडतं. निवडणूक येते-जाते, पण नातं मोडलं तर पुढच्या पिढीपर्यंत मोडलेलं राहतं. मात्र जो अबोला नात्याला वाचवतो, तोच पुढाऱ्यालाही वाचवतो. मांडव उतरला तरी सवय उतरत नाही. वर्षभर आपण त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तसंच बोलत राहतो.

त्याला पाहुणा नव्हे तर जबाबदार माणूस म्हणून भेटायच्या जागा कायद्यानं आणि प्रथेनं दिलेल्या आहेत. 1 मेची ग्रामसभा नेमकी लगीनसराईतच येते. तिच्या गणपूर्तीला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 माणसं, यांतली कमी असेल ती संख्या लागते. लग्नाला हजार पानं उठणाऱ्या गावात हे शंभर जण भरत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसल्यामुळे पाच-दहा माणसांत ठराव होतात. दुसरी जागा पंचायत समितीच्या आमसभेची. आमदार अध्यक्षस्थानी, सगळे खातेप्रमुख व्यासपीठावर, आणि समोरून कुणीही उठून विचारायचं. माझ्या मते तालुक्यातली ही सर्वांत मोलाची सभा. कित्येक तालुक्यांत ती वर्षानुवर्षं होत नाही, आणि ती झाली नाही म्हणून कुणी आमदाराच्या दारात गेल्याचं ऐकू येत नाही. लग्नाला आला नाही म्हणून मात्र माणसं रुसतात.

आपल्या लोकांना विचारता येत नाही, असं मुळीच नाही. आटपाडीच्या पाणी परिषदा याच मातीत झाल्या. पाणी चळवळीतले नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि सांगोल्यातून 11 वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख तिथं यायचे. दुष्काळी तालुक्यांतले शेतकरी, बाया उन्हातान्हात येऊन बसायच्या. कृष्णेच्या पाण्यात आमचा वाटा किती, समन्यायी वाटप म्हणजे नेमकं किती पाणी, याचा हिशेब तिथं मांडला जायचा. आज टेंभूचं पाणी आटपाडी-सांगोल्याच्या शिवारात दिसतं, त्यामागे त्या परिषदांचा रेटा आहे. तीच माणसं लग्नात साहेबांना जेवायचा आग्रह करत होती आणि परिषदेत त्यांच्याकडे हिशेब मागत होती. दोन्ही जागा त्यांनी वेगळ्या ठेवल्या होत्या.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की निवडणूक नसलेल्या वर्षी तालुक्याची आमसभा मे महिन्यात घ्यावी. मुंबईचे माथाडी, परराज्यातले गलाईवाले गावात असतात, शाळेला सुटी असल्यामुळे मास्तर मोकळे असतात, हळदीला बोलणाऱ्या बायका माहेरी आलेल्या असतात. तारीख महिनाभर आधी गावोगावच्या फलकांवर लावावी, टँकरच्या खेपांच्या वह्या आणि आवर्तनाचं वेळापत्रक टेबलावर ठेवावं. पुढाऱ्याला त्या दिवशी फेटा बांधू नये, आणि माईक आधी बायकांकडे द्यावा.