पान लागले तर

सज्जनहो, गळ्यातली तुळशीमाळ ही विठोबाच्या दास्याची खूण. ती विषावरचा उतारा नव्हे. नांदेड-लातूरकडून आषाढी वारीला निघावे, तर वाटेत पावसाने साप-विंचू बाहेर पडलेले. पान लागले की कोणी मंत्र घालतो, कोणी पाला बांधतो. साप बिनविषारी असला तर माणूस आपोआप वाचतो, आणि नाव मंत्राचे होते! नाग-मण्यार असली, की त्याच खटाटोपात माणूस हातचा जातो. अशा रोग्याला उपचारापासून अडवून मंत्र, गंडेदोरे करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण आपल्याला धाक कायद्याचा कशाला? नरदेह देवाची ठेव आहे, ती राखणे हीच सेवा. मुखी नाम घ्या, रोग्याला चालवू नका, तडक सरकारी दवाखाना गाठा. विषावरची लस तिथे आहे. तिथे नेणारे हातही पांडुरंगाचेच.

पुंडलिकवरदे हरि विठ्ठल!