क्षमा केली, मग तक्रार कशाला?

गेल्या पावसाळ्यात गोव्यातील एका घरी आम्ही प्रार्थनेस गेलो होतो. घरच्या मुलाला ठाण्यावर नेऊन बडवले होते. दुसऱ्या दिवशी, भलताच माणूस आणला म्हणून सोडून दिले. आईने विचारले, "भाऊ, तक्रार करावी, की क्षमा करून गप्प बसावे?" आम्ही चटकन म्हणालो, क्षमा करा. घरी परतताना मात्र ते उत्तर आमचे आम्हांलाच टोचू लागले.

प्रेषितांच्या कृत्यांचा १६ वा अध्याय पुन्हा उघडला. फिलिप्पै येथे पौल व सीला यांना चौकशीवाचून छड्या मारून बंदिशाळेत टाकले. त्याच रात्री बंदिशाळेच्या नायकाने त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना जेवू घातले. मनात अढी असती तर पौल त्याच्या पंगतीस बसलाच नसता. पण सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप निघून जाण्याचा निरोप धाडला, तेव्हा तो हलेना. चारचौघांत मारणाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावे, हा त्याचा आग्रह. शब्बाथशाळेत आपण मुलांना भूकंप सांगतो आणि ही सकाळ गाळतो! क्षमा आपण मारणाऱ्या माणसाला करतो. जाब मागायचा तो त्याच्या हातातील अधिकाराचा. उद्या ज्याला मार बसेल, त्याच्या वतीने क्षमा करण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

मग जाब मागावा कोणापाशी? त्याच ठाण्यावर गेले, तर लिहून घेणारा मारणाऱ्याचाच सोबती. तो वाईटच असेल असे नाही. पण घरच्या माणसाचा न्याय करताना कोणाचा हात अडखळत नाही? २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की राज्याच्या व जिल्ह्याच्या पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमावीत. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, खंडणी अशा तक्रारी तेथे चालाव्यात, प्रमुख निवृत्त न्यायाधीश असावा आणि शिफारशी बंधनकारक असाव्यात. हे प्रकाश सिंग स्वतः पोलीस महासंचालक होते, हे विशेष! गोव्यात २००७ साली असे प्राधिकरण झाले, पण राज्यपातळीवर, पणजीस. डिचोलीच्या मजुराने रोज बुडवून तेथवर जायचे. पेडण्याच्या माणसाने म्हापशाला बसही बदलायची. न्यायालयाने जिल्ह्याचे नाव घेतले होते ते उगाच नव्हे.

आमच्या ओळखीचे एक शिपाई आहेत, प्रार्थनेला नेमाने येणारे. ते म्हणाले, "खोट्या तक्रारीतून सुटायलाही बाहेरचाच माणूस बरा. साहेबांनी निर्दोष म्हटले, तर गावाला पटत नाही." हे आम्हांला सुचले नव्हते.

पुढच्या खेपेस त्या घरी गेलो ते कोरे कागद घेऊनच. आधीचे आमचे उत्तर अपुरे होते, हे आईपाशी कबूल केले. मुलगा दिवस, वेळ, कोण कोण हजर होते ते सांगत गेला. आम्ही लिहीत गेलो. एके ठिकाणी आमच्याच लेखणीतून मारणाऱ्याबद्दल कडू शब्द उतरला. तो त्याने खोडायला लावला. "झाले तेवढेच लिहा," म्हणाला.