सक्तीची शरणागती

हवाईतला एक बौद्ध माणूस मेथॅम्फेटामिनच्या व्यसनापायी तुरुंगात गेला. देवावर आधारलेल्या उपचारांत आपल्याला घालू नये, असं पॅरोलवर सुटण्याआधीच त्याने वकिलामार्फत कळवलं होतं. तरीही अधिकाऱ्याने त्याला तशाच केंद्रात पाठवलं. तो मधूनच बाहेर पडला. पॅरोल रद्द होण्याच्या कारणांत त्याचं हे बाहेर पडणंही धरलं गेलं. २००७ साली फेडरल अपील न्यायालयाने निकाल दिला, की धर्माशी निगडित कार्यक्रमाची अशी सक्ती सरकारला करता येत नाही. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने १९९६ मध्येच एका नास्तिक कैद्याच्या बाजूने असाच निर्णय दिला होता. बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला बसला नाहीस, तर घरच्यांसोबत राहण्याची सवलत मिळणार नाही, असं त्याला सांगण्यात आलं होतं.

व्यसन आणि मानसिक आरोग्याच्या अभ्यासक्रमात हे खटले जरूर शिकवावेत. कायद्यापेक्षाही एका जुन्या प्रश्नासाठी. शरणागती हुकमाने करून घेता येते का?

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ साली ओहायोतल्या अॅक्रन गावी सुरू झालं. बिल विल्सन शेअर बाजारातला, बॉब स्मिथ शल्यविशारद, आणि दोघेही दारूने पार खचलेले. दारूपुढे आपलं काही चालत नाही ही कबुली म्हणजे त्यांच्या बारा पायऱ्यांतली पहिली. मग आपल्याहून मोठ्या शक्तीवर विश्वास, मग स्वतःला तिच्या हाती सोपवणं, म्हणजेच शरणागती. सुरुवातीच्या सभासदांत जिम बरवेल हा कट्टर नास्तिक होता. बैठकीत तो देवाच्या उल्लेखावर तुटून पडायचा आणि इतरांना नकोसा व्हायचा. एकदा विक्रीच्या फिरतीवर असताना तो पुन्हा प्यायला, पण परत आला आणि वाद सोडला नाही. ‘आम्हाला जसा उमगला तसा देव’ ही मोकळीक १९३९च्या पुस्तकात आली, तिचं बरंचसं श्रेय त्याला दिलं जातं. न मानणाऱ्या माणसाने मानणाऱ्यांच्या घराचं दार रुंद केलं, आणि त्या दाराने पुढे लाखो लोक आत आले.

मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने १९६१ मध्ये विल्सनला लिहिलेल्या पत्रात दारूच्या ओढीमागे पूर्णत्वाची तहान पाहिली होती. हे प्रयोगाने सिद्ध होणारं विधान नव्हे. पण पुढचा पुरावा दुर्लक्षून चालणार नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं तपासली गेली. रुग्णाला पद्धतशीरपणे एएकडे वळवणाऱ्या उपचारांनंतर दारूपासून अखंड दूर राहणाऱ्यांचं प्रमाण इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा जास्त दिसलं. या आढाव्याचे प्रमुख लेखक जॉन केली यांच्या आधीच्या अभ्यासांनुसार त्यामागे मोठा वाटा संगत बदलण्याचा आहे. आपल्यासारखाच माणूस समोर बसलेला असतो, रात्री-अपरात्री फोन उचलतो. श्रद्धेचाही हात आहे, विशेषतः ज्यांचं व्यसन खोल रुजलंय त्यांच्या बाबतीत.

महाराष्ट्रात शरणागतीचे दोन नमुने शेजारी-शेजारी दिसतात. एक वारकऱ्याची माळ. गळ्यात तुळशीची माळ घातली की मांस-मद्य सुटलं, एकादशी आली, आणि मुख्य म्हणजे दिंडीतली माणसं आली. दुसरा नमुना शपथेचा. नवऱ्याला बायको, आई, मेहुणा मिळून देवळात नेतात, अंगाऱ्यावर हात ठेवायला लावतात. त्यांच्या हतबलतेबद्दल कोणी वाईट बोलू नये. पण शपथ मोडली, की दारूच्या जोडीला देवाचं भयही त्याला छळू लागतं, आणि पुढच्या वेळी मदत मागायचीही लाज वाटते. वारकऱ्याने दिलेला शब्द त्याचा असतो. इथे मात्र शब्द दुसऱ्यांनी दिलेला असतो आणि मोडल्याचा दोष त्याच्या माथी येतो.

समाजकार्याची पदवी घेणारी मुलं व्यसनमुक्ती केंद्रात क्षेत्रकार्याला जातात, तेव्हा हाच फरक त्यांना ओळखावा लागतो. पहिल्या मुलाखतीच्या फॉर्मवर ‘धर्म’ असा रकाना असतो. तो भरला म्हणजे माणूस कशावर विसंबतो हे कळलं असं होत नाही. एखाद्या हिंदूचा देवावर काडीचा विश्वास नसतो, तर एखाद्या नास्तिकाला बैठकीतली माणसंच मोठी शक्ती वाटतात. एएमध्ये असे कितीतरी आहेत. म्हणून विद्यार्थ्याने विचारायचं ते असं: “आजवर कठीण वेळ आली तेव्हा तुम्ही कोणाकडे गेलात?” उत्तर विठ्ठल असेल, थोरली बहीण असेल, किंवा कोणीच नाही असंही असेल. शेवटचं उत्तर आलं, तर रुग्णाला आधी माणसं जोडून द्यावी लागतात. देवाचा विषय त्याने काढला तरच काढायचा.