राखणे माणसाचे, रुजवणे विठोबाचे

शहापूर-मुरबाडचा शेतकरी घरात कितीही ओढ असो, बियाण्याचे भात कांडीत नाही. कणगीत निराळे राखतो. वैद्यही आता तेच करतात. कर्करोगाच्या औषधांनी स्त्रीच्या बीजांडकोशातले बीज जळते; म्हणून आधीच त्याचा तुकडा काढून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनात गोठवतात, बरी झाल्यावर परत बसवतात. बेल्जियममध्ये १९९७ साली असे राखलेल्या एकीला २००४ साली मुलगी झाली.

हा देवाशी झगडा काय? नव्हे, मायबापहो! पेरणाराही त्याच्याच भरवशावर बी राखतो. पण न रुजले, तर त्या लेकीला वांझ म्हणून हिणवाल काय? मग गळ्यातली माळ व्यर्थ. मुक्ताबाईच्या मांडीवर लेकरू नव्हते. तरी आपण तिला मुक्ताई, आईच, म्हणतो ना?