शलाका कोणाच्या हातात?

शिक्षक मतदारसंघाच्या मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह नसतं. उमेदवाराचं नाव, फोटो आणि पुढे एक रिकामा चौकोन. मतदान केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेननेच त्या चौकोनात आकडा लिहायचा. आवडत्या उमेदवारापुढे 1, मग वाटलं तर 2, 3, 4. आकडा मराठी, इंग्रजी किंवा रोमन, कुठलाही चालतो. अक्षरात ‘एक’ लिहिलं, बरोबरची खूण केली किंवा सही केली, की मत बाद. आम्ही संघटनेची माणसं निवडणुकीआधी शाळाशाळांत जाऊन हे शिकवतो, कारण बाद मतांत शिक्षकांचीच मतं असावीत याची लाज वाटते.

मी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीच्या पायथ्याशी एका माध्यमिक शाळेत शिकवते. 30 जानेवारी 2023 ला मी कोकण विभाग शिक्षक मतदारसंघासाठी मत दिलं. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांतल्या शिक्षकांनी मिळून विधान परिषदेत एक आमदार पाठवायचा. परिषदेच्या 78 जागांपैकी 7 शिक्षकांच्या आहेत. डॉक्टर किंवा शेतकरी यांना पेशा म्हणून असा वेगळा मतदारसंघ नाही. शिक्षकांना तो आहे, आणि तो कशासाठी आहे हा माझ्या दृष्टीने धम्माचा प्रश्न आहे. धम्म हा शब्द मी विचारपूर्वक वापरते. आमच्या घरी बुद्धवंदना होते, वर्षावासात आम्ही बायका विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतो, आणि मतदानाचा विचार मी त्या वाचनापासून वेगळा करू शकत नाही.

25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितलं की संसदीय कामकाजाचे नियम या देशाला नवे नाहीत. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळं भिक्षू संघाला माहीत होतं. त्या वाक्यांचा माग काढत मी विनयपिटकातल्या चुल्लवग्गापर्यंत गेले. संघात वाद झाला आणि तो समजुतीने मिटेना, की शलाका वाटल्या जात. शलाका म्हणजे लहान काड्या. एका मताच्या वेगळ्या, दुसऱ्या मताच्या वेगळ्या. ज्याला जे पटेल त्याने ती काडी घ्यायची. वाटप तीन तऱ्हांनी होई: गुप्तपणे, कानात सांगून, किंवा उघड. गुप्त पद्धतीत काडी कोणाला दाखवायची नाही, अशी सूचना दिली जाई.

पण मला थांबवलं ते शलाका वाटणाऱ्या भिक्षूच्या पात्रतेने. तो शलाकाग्राहक चार गोष्टींनी वाहून जाणारा नसावा: छंद, द्वेष, मोह आणि भय. छंद म्हणजे आपल्या माणसाकडे असलेली ओढ. मोह म्हणजे नीट न समजताच पुढे जाणं. शिवाय त्याने पाहिलं, की अधम्माच्या बाजूच्या काड्या जास्त झाल्या आहेत, तर मतदान नीट झालं नाही असं म्हणून त्या परत घ्यायच्या, अशी त्या ग्रंथात मुभा आहे.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अस्वस्थ झाले. बहुमत नाकारण्याचा अधिकार एका माणसाला? आज कुठल्याही निवडणूक अधिकाऱ्याच्या हातात असा अधिकार दिला तर दुसऱ्या दिवशी लोकशाही उरणार नाही. म्हणून तो अधिकार आपण मोजणाऱ्याकडून काढून घेतला, आणि ते बरोबरच केलं. पण ज्या प्रश्नासाठी तो दिला होता, तो प्रश्न त्याबरोबर संपत नाही. आकडा जास्त म्हणून धम्म तिकडेच, हे बुद्धाच्या संघाने मानलं नाही. मग बहुमत अधम्माकडे जाऊ नये याची काळजी आता कोणी घ्यायची? मला एकच उत्तर सापडतं. शलाकाग्राहक आता प्रत्येक मतदाराच्या आत बसला पाहिजे. त्याची पात्रता माझी स्वतःची पात्रता झाली पाहिजे.

म्हणून मी त्या चार कसोट्या आमच्या निवडणुकीला लावून पाहते.

छंद इथे सगळ्यात सभ्य दिसतो. आपली संघटना, आपल्या तालुक्याचा, आपल्या जातीचा, आपल्याबरोबर बी. एड. केलेला. यातलं काहीच गुन्हा नाही, पण यातलं काहीच कारणही नाही. द्वेष बहुधा जुन्या फायलीत असतो: अडकलेली वेतनश्रेणी, न झालेली बदली, सभेत झालेला अपमान. त्याचा हिशेब आमदाराच्या निवडणुकीत चुकता करायचा मोह अनेकांना होतो. आणि खरा मोह म्हणजे मतदानाच्या आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला नमुना बघून तसाच आकडा लिहिणं.

भयाबद्दल मात्र या भागात राहून हलकं बोलता येत नाही. खाजगी शाळेतल्या शिक्षकाला संस्थाचालक सुचवतात, कोणाला मत द्यायचं. सुचवतात एवढंच, पण त्याचं वजन शिक्षकाला कळतं. अशा वेळी मी तलासरी तालुक्यातल्या झरी गावाची आठवण करून देते. मे 1945 मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वारली तिथे जमले आणि त्यांनी फुकटची वेठ करायला नकार दिला. लग्नाच्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराकडे राबणारे लग्नगडी त्या लढ्यात मोकळे झाले. त्यांच्याकडे गुप्त मतदान नव्हतं, पगारपत्रक नव्हतं, सेवाशर्ती नव्हत्या. आपल्याकडे पडद्याआडचा चौकोन आहे. ज्या मातीत ती माणसं उघड्यावर उभी राहिली, तिथे आपण पडद्याआड घाबरावं हे बरं नव्हे.

या चारांतून सुटलं, तरी एक प्रश्न उरतो, आणि तो मला आमच्या पाड्यावरच्या अंगणवाडी सेविकेने विचारला. मतदार नोंदणीचा अर्ज क्रमांक 19 मी शाळेत भरत होते. ती आमच्या एका विद्यार्थिनीच्या कागदासाठी आली होती. म्हणाली, “मॅडम, मीपण शिकवतेच की. माझं नाव कुठल्या यादीत?”

कुठल्याच नाही. संविधानाच्या 171 व्या कलमानुसार आणि निवडणूक कायद्यानुसार या मतदारसंघात माध्यमिक शाळेपासून वरच्या पातळीवर शिकवणाऱ्यांनाच मत आहे, तेही मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवलेलं असेल तर. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना मत नाही. अंगणवाडी सेविका तर सरकारदरबारी शिक्षकच नाही, ती मानसेवी. तिला पगार नाही, मानधन मिळतं.

आणि हे कोसबाडला! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि 1957 साली ते या टेकडीवर आणलं. मूल बालवाडीत येत नाही म्हणून त्यांनी बालवाडी पाड्यावर, अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली. आज देशभर लाखो अंगणवाड्या चालतात, त्यांच्या मुळाशी या टेकडीवरचं काम आहे. माझ्या वर्गात आठवीत बसलेली वारली मुलगी आधी अशाच अंगणात बसून बोलायला धजावली. मी तिला बीजगणित शिकवू शकते, कारण आधी कोणीतरी तिची भीती घालवली. ती घालवणारीला मत नाही, मला आहे.

म्हणून मी माझं मत फक्त माझं मानत नाही. मी 2005 नंतर सेवेत आले, म्हणजे जुन्या पेन्शनच्या बाहेर. जुनी पेन्शन हा माझ्याही म्हातारपणाचा प्रश्न आहे आणि त्यासाठी मार्च 2023 च्या संपात मी होते. स्वतःच्या पेन्शनसाठी मत देणं पाप नाही. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अंगणवाडी सेविका वेतनासाठी आणि पेन्शनसाठी संपावर गेल्या, तेव्हा आम्हा मतदार शिक्षकांपैकी किती जणांनी आपल्या आमदाराला विचारलं, की तुम्ही त्यांच्यासाठी सभागृहात काय बोललात? हक्क ज्याच्या हाती आला, त्याने तो हक्क नसलेल्याचाही विश्वस्त व्हायचं असतं. तसं नसेल तर शिक्षक मतदारसंघ म्हणजे काही नोकरदारांना मिळालेली जादा सवलत ठरेल, आणि ती काढून टाका म्हणणाऱ्यांना मी उत्तर देऊ शकणार नाही.

याच कारणासाठी दुसऱ्या पसंतीचा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त मत कोणालाच मिळालं नाही, तर सगळ्यात मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या नावाकडे जातात. 2023 मध्ये अमरावती पदवीधर मतदारसंघाची मोजणी अशीच दुसऱ्या दिवसापर्यंत चालली. तरीही आमच्यात सर्रास सांगितलं जातं, ‘फक्त 1 लिहा, बाकी कोरं सोडा.’ कारण दुसरं नाव लिहिलं तर आपल्या माणसाशी निष्ठा कमी पडेल असं वाटतं. मला ते छंदाचंच रूप वाटतं. दुसरा आकडा विचारतो: तुझा माणूस हरला, तरी शाळा चालणार आहेत, सेविका पाड्यावर जाणार आहे, मग त्यांच्यासाठी उरलेल्यांत कोण बरा? या प्रश्नाला ज्याने उत्तर दिलं, त्याने आपल्या बाजूपेक्षा कामाला मोठं मानलं.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) गाव आपले निर्णय सर्वसहमतीने घेतं. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. मला ती रीत श्रेष्ठ वाटते. पण पाच जिल्ह्यांतले शिक्षक एका झाडाखाली बसू शकत नाहीत. आपल्याला मोजावंच लागेल. संघानेही मोजणी समजुतीचे मार्ग खुंटल्यावरच स्वीकारली. म्हणजे मोजण्याआधीचं बोलणं हे आपलं खरं काम.

पुढच्या निवडणुकीत आमच्या तालुक्यात उमेदवार येतील तेव्हा मी सभेत प्राथमिक शिक्षकांना आणि सेविकांना बोलावणार आहे. त्यांना मत नाही, पण प्रश्न विचारायला कायद्याची हरकत नाही. उमेदवाराने पहिली उत्तरं त्यांना द्यावीत. ती ऐकून मी माझे 1 आणि 2 ठरवीन, आणि माझ्या सहकाऱ्यांनाही तेच सुचवीन. मत ज्यांच्या नावावर नाही त्यांच्यासमोर आपल्या मताचं कारण सांगता आलं, तर ते मत धम्माला धरून आहे असं मी मानते.