शिबीचे पारडे

शिबी राजाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. ससाण्याच्या भयाने एक कपोत राजाला शरण आला आणि त्याला वाचवण्यासाठी राजाने आपल्या अंगाचे मांस कापून तराजूत घातले. ऐकताना अंगावर काटा येतो. पण या गोष्टीत शिबीची राणी कोठेच दिसत नाही. राजा मांस कापीत होता तेव्हा तिला कोणी काही विचारले होते काय? ज्याच्या जीवावर घरातले चार जीव अवलंबून आहेत, त्याने तो परक्यासाठी पणाला लावावा की नाही? गोष्टीने हा प्रश्न टाळला असला, तरी संसारी माणसाला तो टाळता येत नाही.

मला तो सुचला आमच्या आळीतल्या मामांमुळे. मुंबईच्या अग्निशमन दलात तीस वर्षे काढून ते गावी परतले होते. गेल्या वर्षी वारले. वीरपुरुष पाहायला म्हणून कोणी त्यांच्याकडे गेले असते, तर निराश होऊन परतले असते. लेकीच्या सासरी लोणच्याची बरणी पोहोचवणारे, नातवाच्या चपलेचा अंगठा शिवून आणणारे, आमटीतल्या मिठावरून मामींशी वाद घालणारे असे ते चारचौघांसारखे गृहस्थ होते. लोक तर त्यांना भित्रे म्हणत. निजण्यापूर्वी गॅसचे बटण दोनदा चाचपायचे, देवापुढचे निरांजन फुलाने शांत करायचे आणि मगच अंथरुणाला पाठ टेकायची, हा त्यांचा नेम. आगीत उडी घेणारा माणूस निरांजनाला भितो, म्हणून आळी हसे.

मामा म्हणत, “मास्तर, आगीत उडी कुणी घेत नाही. आम्ही रांगत जातो.” धूर आणि ताप वर चढतो, श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत उरते, म्हणून रांगायचे. बंद दार उघडण्याआधी हाताच्या पाठीने त्याचा ताप पाहायचा, कारण कोंडलेल्या आगीला एकदम हवा मिळाली की ती भडकून अंगावर येते. भिंत सोडायची नाही, सोबत्याला सोडायचे नाही. ही सारी शिस्त घरी परतू इच्छिणाऱ्या माणसाची आहे.

एकदा मी त्यांना विचारले, “मामा, ज्यांच्यामागे कुणी नाही अशीच माणसं या कामावर का घेऊ नयेत?” ते म्हणाले, “ज्याला घरची ओढ नाही, तो दुसऱ्याला घरी काय आणणार? धुरात पोर रडलं की आपलं पोर आठवतं, म्हणून तर हात पुढं होतो.”

हे उत्तर मला पटले. शौर्य म्हणजे जिवाची बेपर्वाई, असे आपण उगीचच समजतो. जीव किती मोलाचा आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच तो धोक्यात घालण्याला काही अर्थ आहे. आणि हे मोल माणूस आपल्या घरातच शिकतो.

पण एवढ्याने प्रश्न मिटत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी होत्या आणि शेकडो टन दारूगोळाही होता. बंबवाले पाण्याचा मारा करीत असतानाच, चार वाजून गेल्यावर थोड्याच वेळात जहाज फुटले. ६६ अग्निशामक गेले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला लागलेल्या आगीने दलाचे चार अधिकारी नेले. शिस्त या सर्वांपाशी होती आणि घराची ओढही होती. पण कापसाच्या सोबतीला दारूगोळा काही बंबवाल्यांनी भरला नव्हता.

मामांच्या मागे मामी एकदा म्हणाल्या, “नोकरी यांनी धरली, पण केली आम्ही दोघांनी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तर वर्दीवर वर्दी. मी ताट झाकून बसायची. लोकांनी जरा सांभाळून बाण उडवले असते, तर एखादी दिवाळी माझ्याही वाट्याला आली असती.” आवाजात तक्रार नव्हती; नुसता हिशेब होता. शिबीची राणी बोलली असती, तर याहून निराळे काय बोलली असती?

त्या गोष्टीत पुढे काय होते ते आठवा. राजा मांस घालीत जातो आणि कपोताचे पारडे जडच होत जाते, कारण कपोताच्या रूपाने तेथे प्रत्यक्ष अग्नी बसलेला असतो. अखेर राजाला स्वतःच पारड्यात बसावे लागते. तेथे ती देवाची माया होती. आपल्या गावात मात्र ते पारडे आपणच जड करीत असतो. जिन्यात रचलेली खोकी, मागच्या दाराला घातलेले कुलूप, बंबाच्या वाटेत उभी केलेली गाडी, एका प्लगवर लादलेली चार उपकरणे, हीच त्यातली वजने.

परक्यासाठी जीव धोक्यात घालावा की नाही, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. मामांनी आपले दिले. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे आणि थोडा अडचणीचाही आहे. अशा माणसाने आपल्या देहाचे किती मांस कापावे, हे पुष्कळ वेळा आपणच ठरवत असतो. त्याचे शौर्य गाण्यापेक्षा त्याला शूर होण्याची पाळी कमी आणणे, हे अधिक मोठे ऋण फेडणे आहे.

यंदा आकाशकंदील लावायला शिडी काढाल, तेव्हा जिन्यातली अडगळही हलवा. त्या रात्री कोठल्या तरी ठाण्यावर एक गृहस्थ घंटेकडे कान देऊन बसलेला असेल, आणि त्याच्या घरी कोणी तरी ताट झाकून ठेवलेले असेल.